सासऱ्यांचं विमान आणि माझं इंजिन

"इंजिनात दम नाही," असं माझे सासरे म्हणाले आणि मी म्हणालो, "बघतो काय करता येतं ते." एवढंच झालं. पुढच्या सगळ्या प्रकाराचं खापर कुणी माझ्यावर फोडतं, कुणी दातांच्या डॉक्टरांवर, आणि आमच्या इमारतीचे चेअरमन तर अजून एरंडेलावर फोडतात. पण मूळ ह्या एका वाक्यात आहे. विमा कंपनीत माझं काम लोकांचे दावे नामंजूर करण्याचं. दिवसाला चाळीस माणसांना मी 'आपली विनंती मान्य करता येत नाही, क्षमस्व' असं कळवतो आणि दुपारी डबा खाऊन पुन्हा कळवायला बसतो. तोच मी सासऱ्यांना एक साधं वाक्य सांगू शकलो नाही, की मामा, इंजिन ठीक आहे, तुमचं विमान जड झालंय.

आता विमान म्हणजे ज्यात बसून जातात ते नव्हे. पंखांच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दीड हात, पुढे लिंबाएवढं अडीच सीसीचं इंजिन. पंधरा मीटरच्या दोन बारीक पोलादी तारा विमानाला बांधायच्या, त्यांची दुसरी टोकं एका मुठीला जोडायची, आणि ती मूठ धरून मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. विमान आपल्याभोवती गोल फिरतं. मूठ वर कलती केली की वर जातं, खाली केली की खाली येतं. वेग कमी करायची किंवा इंजिन बंद करायची सोय नसते. टाकीतलं इंधन संपलं की ते आपोआप थांबतं आणि विमान उतरतं. तोपर्यंत मधल्या माणसाने विमानाबरोबर स्वतःभोवती फिरत राहायचं. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं हे शेवटचं कलम मी वरवर वाचलं होतं.

सासरे तंत्रशाळेत चित्रकलेचे, म्हणजे यंत्रांच्या आराखड्यांचे मास्तर होते. त्यांचा आयुष्यभराचा नियम असा, की पुस्तकात जेवढं सांगितलंय त्याच्या दुप्पट मजबूत करायचं. पुस्तकात पंखाला हलकं बाल्सा लाकूड सांगितलं होतं, त्यांनी प्लायवूड वापरलं. डिंक सांगितला होता, त्यांनी डिंक लावून वर पितळी स्क्रू मारले. रंगाचे तीन हात दिले, कारण दोन हात दिलेला रंग त्यांच्या मते रंगच नव्हे. शिवाय आत दोन खुर्च्या, बिजागऱ्यांचा दरवाजा आणि दरवाजाला कडी. पाचशे ग्रॅमचं विमान अकराशे ग्रॅमचं झालं. पहिल्या प्रयत्नात ते मैदानावर सहा फेऱ्या गवत कापत फिरलं आणि थांबलं.

विमानांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराने ते हातात घेऊन नुसतं तोललं आणि मला बाजूला नेलं. "साहेब, हे इंजिन ह्याला ओढेल. उचलणार नाही. वजन निम्मं करा."

"ते शक्य नाही."

"का?"

का ते त्याला काय सांगणार? सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून सासरे आमच्याकडे राहत होते, आणि राहत होते म्हणजे खिडकीशी बसून होते. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. ज्या माणसाने एकोणीस वर्षांत मला साधा खिळा ठोकू दिला नाही, "राहू द्या जावईबापू, तुमचं काम नाही ते" असं म्हणून हातातली हातोडी काढून घेतली, तो माणूस आता माझ्या हातात हातोडी बघूनही गप्प बसत होता. मग बायकोने कुठून तरी हे विमानाचं पुस्तक आणलं. महिन्याभरात सासरे पुन्हा माझ्यावर खेकसायला लागले. ज्या दिवशी त्यांनी मला "फूटपट्टी अशी धरतात का?" म्हणून सगळ्यांसमोर झापलं, त्या दिवशी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. आनंदाने. आणि मला म्हणाली, "विमान जड आहे हे त्यांना कुणीही सांगायचं नाही. तू तर नाहीच नाही. पुन्हा खिडकीशी बसले ना, तर मला बघवणार नाही."

म्हणजे विमान हलकं होणार नव्हतं. राहता राहिलं इंजिन.

इंजिनाचा जोर वाढवायचे तीन मार्ग असतात असं मला वाचून कळलं. एक, धूर बाहेर जायची खिडकी मोठी आणि गुळगुळीत करायची. दोन, वरच्या टोपीखालची पातळ पत्र्याची चकती काढून दाब वाढवायचा. तीन, इंधन जास्त जहाल करायचं. तिन्हींच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे अनुभवी माणसानेच करावं. अनुभवाच्या बाबतीत मी आमच्या मजल्यावर नजर टाकली, तर बारीक भोकात बारीक हत्यार घालायचा अनुभव असलेला एकच माणूस होता. ते समोरचे दातांचे डॉक्टर.

डॉक्टरांनी इंजिन उजेडात धरलं, आतल्या बाजूला छोटा आरसा घातला आणि "अरेरे" म्हणाले. ते माझ्या दाढेलाही असंच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर इंजिन खुर्चीवर. खरंच खुर्चीवर, उशीच्या जागी रुमालात ठेवलेलं, वर तो मोठा दिवा. बाहेर एक गृहस्थ सुजलेला गाल धरून बसले होते. त्यांना आतून गर्र गर्र ऐकू येत होतं, पण रोग्याचा आवाज येत नव्हता. "बघा, किती सोशिक आहे," असं ते मला म्हणाले.

"थोडं पोखरायला लागेल," डॉक्टर म्हणाले.

"थोडंच पोखरा."

"मी सांगू का, अर्धवट काम केलं की पुन्हा उघडावं लागतं." आणि त्यांनी मनसोक्त पोखरलं. मग पॉलिश केलं. शेवटी सवयीने पाण्याचा फवारा मारला आणि मला म्हणाले, "आता दोन तास काही देऊ नका." ते अजिबात हसले नाहीत, त्यामुळे मी दोन तास थांबलो.

दाबाची चकती मी स्वतः काढली. स्वतः, म्हणजे सासरे दुपारचे झोपलेले असताना. नऊ मिनिटांचं काम होतं. पाच स्क्रू निघाले, चार परत बसले, आणि पाचवा शोधण्यासाठी मी आणि बायको फरशीवर पालथे पडून अर्धा तास बॅटरी मारत होतो. तो माझ्याच कानामागे सापडला. खोचून ठेवला होता, सुतार पेन्सिल खोचतात तसा. बायकोने उठताना गुडघे जरा जास्तच झटकले.

मग इंधन. पहिल्या प्रयत्नाचं दुकानदाराच्या नमुन्याच्या बाटलीवर भागलं होतं. ह्या इंजिनाला एक प्रकारचं स्पिरिट लागतं आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल. एरंडेल मिळायला काय अडचण, म्हणून मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो आणि तीन लिटर मागितलं.

त्याने बाटली काढायला वर केलेला हात खाली घेतला. "तीन लिटर? घरात माणसं किती?"

"तीन."

"किती दिवस झाले?"

"पाच महिने," मी म्हणालो. मला वाटलं विमानाचं विचारतोय. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्यापासून एकेक पाऊल मागे सरकली, आणि एका आजींनी मला कोमट पाण्याचा उपाय सांगितला. त्या गेल्या आठवड्यातही भेटल्या. अजून विचारतात.

स्पिरिटाला मात्र परवाना लागतो. परवान्याच्या कचेरीत ज्या कारकुनाकडे मला पाठवलं, तो अतिशय सज्जन माणूस होता, आणि सज्जन कारकुनाइतकं अवघड काही नसतं, कारण त्याच्यावर चिडता येत नाही. किरकोळ वापराचा अर्ज बंद झालाय असं तो म्हणाला. पण विमानाच्या इंधनाचा अर्ज चालू होता.

"पण तो खऱ्या विमानाचा ना?"

"अर्जात खरं असं लिहिलेलं नाही," तो म्हणाला आणि पेन उघडलं. "वजन?"

मी इकडेतिकडे बघून हळूच सांगितलं, "अकराशे."

"किलो?"

"ग्रॅम."

"रकाना किलोचा आहे. पूर्णांक लिहायचा. एक लिहितो. आसनं?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "दोन," मी म्हणालो. दोन खुर्च्या होत्याच.

"म्हणजे प्रवासी वाहतूक." त्याने पान उलटलं. "वैमानिक आत की बाहेर?"

"बाहेर."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा अर्जाकडे बघितलं. मग त्याने 'बाहेर' असं लिहिलं. "प्रवासी वाहतूक आहे म्हटल्यावर पहिल्या उड्डाणाला कचेरीचा माणूस हजर पाहिजे. उतरल्यावर प्रवासी सुखरूप आहेत ना, हे बघून शेरा द्यावा लागतो. मीच येईन. मैदान घराजवळच आहे ना?"

पहिली चाचणी आमच्या गॅलरीत झाली. इंजिन इस्त्रीच्या टेबलाला चार बोल्टांनी आवळलं. इंजिन सुरू करायला पुढचा पंखा बोटांनी फिरवायचा असतो, आणि दाब वाढवल्यावर तो उलटा फटका मारतो हे कुठेतरी वाचलं होतं. त्याचा अर्थ माझ्या दोन बोटांना आधी कळला. तिसऱ्या प्रयत्नात ते सुरू झालं. आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. एरंडेलाचा निळा धूर गॅलरीतून बाहेर पडला आणि इस्त्रीचं टेबल हळूहळू, आपल्या चार पायांवर, कठड्याकडे चालू लागलं. मी टेबल धरलं, बायकोने मला धरलं. सासरे दारात उभे राहून म्हणाले, "आता आला दम." एकोणीस वर्षांत मला त्यांनी दिलेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. ते इंजिनाला होतं, पण मी घेतलं.

खालच्या गॅलरीत चेअरमनांचे पांढरे शर्ट वाळत होते. ते आता पांढरे नव्हते. चेअरमन वर आले, तेव्हा मला वाटलं भांडायला आले. पण त्यांनी इंजिनाकडे बघितलं, त्यांचे डोळे चमकले आणि त्यांनी शर्टांचा विषयच काढला नाही. "पितंय फार," ते म्हणाले. "दोन मिनिटांत टाकी रिकामी. वर गेल्या गेल्या खाली येणार. टाकी मोठी करा."

दातांचे डॉक्टरही हेच म्हणाले. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी नवी टाकी केली. दुप्पट सांगितली होती, म्हणून अर्थातच चौपट केली. आणि मी, दुसरीकडून, इंधनाची सुई आवळून इंजिनाचं पिणं निम्म्यावर आणलं. ही दोन कामं दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत केली. त्यांची बेरीज कुणीच केली नाही.

रविवारी सकाळी मैदानावर सगळे जमले. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, बायको, डॉक्टर, चेअरमन सहकुटुंब, दुकानदार, आणि हातात कागद लावलेली पाटी घेऊन कारकून. सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना गरगर फिरायला मनाई. म्हणून मूठ माझ्या हातात. विमान सोडण्याआधी दुकानदाराने एकच गोष्ट सांगितली. "नजर विमानावर ठेवा. फक्त विमानावर. बाकीचं जग फिरू द्या. लोकांकडे बघितलंत की संपलं."

चेअरमनांनी विमान सोडलं आणि ते उडालं.

खरंच उडालं. दहा मीटर धावलं, उचललं गेलं, आणि माझ्या हाताला असा हिसका बसला की खांद्याची चौकशी करावीशी वाटली. अकराशे ग्रॅम प्लायवूड, पितळ आणि रंगाचे तीन हात हवेत होते. लोक टाळ्या वाजवत होते. तीन सेकंदांत एक फेरी, मी फिरतोय, विमान फिरतंय, आणि नजर विमानावर. पाच मिनिटं गेली. सहा गेली. कुणीतरी ओरडलं, "छान! आता उतरवा!"

"उतरवता येत नाही!" मी विमानाला सांगितलं, कारण नजर तिकडेच होती.

आठव्या मिनिटाला सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, खोल श्वास घ्या आणि नाकाने सोडा. चेअरमन म्हणाले, उलट्या बाजूने फिरा म्हणजे चढलेली चक्कर उतरेल. कारकून अगदी सौजन्याने ओरडला, "साहेब, उड्डाणाच्या वेळेची सही राहिलीय! जाता जाता करता का?" आणि ह्या सगळ्या गलक्यातून मला सासऱ्यांचा आवाज आला. ते दुकानदाराला सांगत होते. "बघितलंत, किती हलकं झालंय? हातात तोलून उगाच शंका घेत होतात. आता पुढचं ह्याच पद्धतीने करतो. पण आकार दुप्पट. प्लायवूडही जाड घेणार. इंजिनाचं जावईबापू बघतील."

माझ्या डोळ्यांसमोर बावीसशे ग्रॅम आलं. मग चव्वेचाळीसशे. मला दिसलं की मी म्हातारा झालोय, माझी सगळी बोटं बांधलेली आहेत, आणि मी अजून इंजिनं पोखरतोय. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, कधीतरी एखादं विमान गवतातच फिरत राहील आणि ह्या माणसाला कळेल की आम्ही सगळे त्याला इतकी वर्षं लहान मुलासारखं समजावत होतो. ते मला सहन होईना. मी विमानावरची नजर काढली आणि लोकांकडे बघितलं.

लोक तीन सेकंदांतून एकदाच समोर येत होते. एका वेळी एक शब्द मावत होता.

"मामा!" मी ओरडलो आणि पुढे गेलो.

"काय?" हे माझ्या पाठीमागून आलं.

"विमान!"

"हो, दिसतंय!" चेअरमन.

"जड!"

"त्याला मूठ जड वाटतेय," डॉक्टर म्हणाले. "हात बदला!"

"पहिल्यापासून!" हा शब्द मोठा होता, त्यातला अर्धा झाडांना ऐकू गेला. "होतं!" आणि मग पुढच्या दोन फेऱ्यांत, "म्हणून!" "इंजिन!" एव्हाना झाडं, माणसं, कारकुनाची पाटी ह्यांची एक पट्टी झाली होती आणि माझे पाय कुठे पडताहेत ते मला कळत नव्हतं. सगळं तोंडाशी आलं होतं, शब्दांसकट.

टाळ्या थांबल्या होत्या. मग बायकोचा आवाज आला, अगदी शांत. "बाबा, तो म्हणतोय की विमान पहिल्यापासून जड होतं. म्हणून त्याने इंजिन वाढवलं. तुम्हाला सांगू नको असं मीच सांगितलं होतं."

त्यानंतर मला फक्त इंजिन ऐकू येत होतं. मी विमान शक्य तितकं वर धरलं, कारण ते पडलं असतं तर सगळंच पडलं असतं. मूठ सोडली असती तर मी वाचलो असतो. विमान सरळ रेषेत कुठेतरी गेलं असतं, पाच महिन्यांचं काम, आणि मला जमिनीवर आडवं होता आलं असतं. ते मला फार करावंसं वाटत होतं. तेवढ्यात माझ्या मुठीवर दुसरा हात आला.

सासरे तारांखालून वाकून आत आले होते. ज्यांना गरगर फिरायला मनाई होती ते माझ्या पाठीशी उभे राहून माझ्याबरोबर फिरत होते, पाऊल माझ्या पावलाला जुळवून. "माणसांकडे कशाला बघता?" ते खेकसले. "विमानाकडे बघा. मूठ सोडू नका. मी धरलंय." असं आम्ही दोघं आणखी चार मिनिटं फिरलो. मी त्यांच्या अंगावर जवळजवळ टेकलो होतो. त्यांना लागत असणार, पण ते हलले नाहीत. मला रडू येत होतं, आणि चक्कर येत होती, आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्याने बाहेरून कुणाला काही कळलं नसावं.

मग इंजिन थांबलं. एवढं जड विमान तरंगत उतरत नाही, दगडासारखं उतरतं. पण माझ्या मुठीवरचा हात शेवटच्या क्षणी किंचित वर झाला, नाक उचललं गेलं, आणि चाकं जमिनीला लागली. एक चाक वाकलं. दरवाजाची कडी निघून दरवाजा उघडला. विमान मोडलं नाही. दुसरं कुठलंही विमान त्या आपटण्याने मोडलं असतं.

कारकून विमानाशी गेला, वाकून आत बघितलं, दोन्ही रिकाम्या खुर्च्या तपासल्या आणि पाटीवर लिहिलं, 'प्रवासी सुखरूप उतरले.' मग माझ्याकडे सहीला आला. मी गवतात पालथा होतो. माझ्या सहीतल्या एका अक्षराचा फाटा कागदाबाहेर गेला, तो त्याने चालवून घेतला.

बाकीचे लांबच उभे राहिले. सासरे माझ्या शेजारी गवतात बसले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचाही श्वास लागला होता.

"किती जड?" त्यांनी विचारलं.

"दुपटीच्या थोडं वर."

मी मनात त्यांची खिडकीशी ठेवलेली खुर्ची बघत होतो. "वाईट वाटलं," ते म्हणाले. "वजनाचं नाही. पाच महिने घरात सगळे माझ्याशी जपून बोलत होते त्याचं."

क्षमस्व म्हणायची एवढी सवय असून मला ते सुचलं नाही.

"उद्या स्क्रू काढायला घेऊ," ते उठत म्हणाले. "तुम्हीही बसा. शिकलं पाहिजे कधीतरी." मग दोन पावलं जाऊन ते वळले. "आणि हे बघा, जावईबापू. पुढच्या वेळी मला असं काही सांगायचं असेल, तर एका जागी उभं राहून सांगत जा."

मी हो म्हणून मान हलवली. ती हलवायला नको होती. डॉक्टर पाणी घेऊन धावले, आणि सासऱ्यांनी माझं कपाळ धरलं.